सोळा टक्के अंधार

१

पिस्तुलाच्या नळीखाली बसवायचा दिवा, काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, दोन दिवसांत सोळा टक्के मंदावला. एवढ्यावरून परीक्षित बोरकुटे नावाच्या इंजिनिअरवर देश सोडायची पाळी आली होती.

मला फोन आला तो सोमवारी सकाळी, वीस ऑक्टोबर २००८ ला. फोन होता मार्गारेटचा. कॉव्हेंट्रीबाहेरच्या एका ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत, तिची छोटी टेस्टिंग लॅब आहे. मी आयुष्यभर मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन केलं, म्हणजे ती नेमकं मोजतात ना ते तपासलं, आणि निवृत्त झाल्यापासून अशा लॅबमधली भांडणं निस्तरते. आमचे सतीशराव म्हणतात, सुलक्षणा, तुझ्या पायाला भिंगरी आहे. असेल. घरात बसून क्रॉसवर्ड सोडवण्यापेक्षा ती बरी.

प्रकरण थोडक्यात असं. या देशात साध्या पोलिसाकडे पिस्तूल नसतं. मोजक्यांकडे असतं, आणि त्यातले काही साध्या कपड्यांत, जाकिटाखाली ते रोज बाळगून हिंडतात. अशा लोकांसाठी एका पोलीस दलाला छोटा दिवा निवडायचा होता. शेवटच्या फेरीत दोनच उरले होते. एकात जुन्या पद्धतीचा बल्ब, दुसऱ्यात नवा एलईडी. बुधवारी, आठ तारखेला, लॅबने दोन्हींचा उजेड मोजला. गुरुवारी पोलिसांच्या रेंजवर प्रत्येक दिवा पिस्तुलाला लावून पाचशे गोळ्या झाडल्या. शुक्रवारी उजेड पुन्हा मोजला. धक्के खाऊनही उजेड नव्वद टक्के टिकला पाहिजे, अशी अट होती. बल्बवाला ब्याण्णववर राहिला आणि पास झाला. एलईडी चौऱ्याऐंशीवर येऊन नापास झाला.

मंगळवारी चौदा तारखेला एलईडी कंपनीचा माणूस लॅबमध्ये येऊन थडकला. म्हणाला, "आमच्या दिव्याचं सील कापलेलं आहे. दिव्यात कोणीतरी हात घातलाय. आणि तुमच्या इंजिनिअरचा मेहुणा बल्बवाल्यांकडे सेल्समध्ये आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

मार्गारेटला ठाऊक नव्हतं. तिने त्याच दिवशी परीक्षितला घरी बसवलं.

"बुधवारी पोलिसांची कमिटी बसते," ती मला म्हणाली. "उद्या बारापर्यंत मला तुझं उत्तर हवं. नाहीतर त्याला काढावं लागेल. त्याचं वर्क परमिट आमच्या नोकरीवर आहे, ते मला कळतं. पण लाच खाणारा माणूस मी ठेवू शकत नाही."

मी घड्याळ पाहिलं. सव्वीस तास होते.

२

परीक्षित मला लॅबच्या कँटीनमध्ये भेटला. तेहतीस वर्षांचा, नागपूरचा. समोरच्या चहाला त्याने हात लावला नव्हता, आणि पाय टेबलाखाली सारखा हलत होता. मला ते बघवेना. माझाही पाय तसाच हलत होता.

"मॅडम, मी खोटं नाही बोलून राहिलो," तो म्हणाला. "गिरीश माझा मेहुणा आहे, हे फॉर्मवर लिहायला पाहिजे होतं. नाही लिहिलं, ती चूक माझी. पण तो दुसऱ्या डिपार्टमेंटला आहे. दिव्यांशी त्याचा संबंधच नाही."

"का नाही लिहिलंस?"

"आपल्याकडे मेहुणा कुठेतरी असतोच ना! असं वाटलं."

मला हसू आलं, आणि रागही. इथे 'डिक्लेअर' हा शब्द लोक देवाच्या नावासारखा घेतात, हे दोन वर्षं राहून कळू नये!

"रीडिंग कोणी घेतलं?"

"मी दिवा धरला, माझ्याबरोबर काम करणाऱ्या ईशिताने मशीन चालवलं. आकडा मशीन आपोआप छापतं, तारीख-वेळेसकट. त्यात मला फिरवता येत नाही काही."

"गुरुवारी तू कुठे होतास?"

"दिवसभर रेंजवर. साडेसहाला येऊन डबे कपाटात ठेवले आणि घरी गेलो. तेव्हा इथे कोणी नव्हतं." मग त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. "माझ्या बायकोने, शिल्पाने, नागपूरची बँकेतली नोकरी सोडली, काकू. तीन महिने झाले तिला येऊन. काल ती बॅगा काढून बसली होती. मी म्हटलं, ठेव वर. तिने ठेवल्या नाहीत."

मॅडमची काकू कधी झाले, ते त्याला कळलं नसावं. मला मात्र कळलं, आणि त्यामुळे सावध झाले. आपल्या माणसावर विश्वास ठेवायची घाई होते.

आणि एक गोष्ट मनात टोचत होती. साडेसहाला तो लॅबमध्ये एकटा होता. चावी त्याच्याकडे होती, दिवेही त्याच्याच हातात होते.

३

एलईडीवाल्याचं नाव हॉवर्ड. त्याने सीलचे फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. कागदी पट्टी ब्लेडने सरळ कापलेली दिसत होती.

"यापेक्षा अजून काय पुरावा हवा?" तो म्हणाला.

दुपारी सार्जंट डेव्हिस आला. हा कार्डिफचा माणूस, रेंज सांभाळणारा. दिवे शेवटी याच्याच लोकांच्या कमरेला लागणार होते. मी फोटो त्याच्यापुढे सरकवला.

"हे मी कापलं," तो शांतपणे म्हणाला. "अडीचशे गोळ्यांनंतर झाकण उघडून बॅटरी बदलायची असते. बल्बवाल्याचंही कापलं. हॉवर्डला मी फोनवर सांगितलं होतं."

मी हॉवर्डकडे पाहिलं. तो फोटो गोळा करायला लागला. बल्बवाल्याच्या कापलेल्या सीलचा फोटो त्याने काढलाच नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर चोरीही याची नव्हती. आपला माल नापास झाला म्हणून हाताला लागेल तो दगड त्याने भिरकावला होता. तो दगड परीक्षितला लागला होता, एवढंच.

"तुम्हाला कुठला दिवा आवडला?" मी डेव्हिसला विचारलं.

"एलईडी. बल्बवाला जाडा आहे, जाकिटाखाली फुगवटा दिसतो, आणि बसताना बरगडीला लागतो. त्याचं बटण डाव्या हाताने दाबायचं तर पकड सोडावी लागते. एलईडीचं बटण दोन्ही बाजूंनी बोटाखाली येतं." मग त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, माझा माणूस अंधाऱ्या जिन्यात उभा असतो. समोरच्याच्या हातात सुरी आहे की फोन, एवढं त्याला दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर एक तर तो मरतो, नाहीतर फोन धरलेला बिचारा मरतो. मला दिसायला बारीक आणि कामाला खात्रीचा दिवा हवा."

"पाचशे गोळ्यांनंतर तो मंद वाटला का?"

"मला? अजिबात नाही."

मी उठले. "चला, मोजूच या," मी म्हटलं.

४

मोजायची खोली आतून काळी रंगवलेली होती. लक्समीटर म्हणजे उजेड मोजायचं यंत्र. त्याच्या पुढे पिंगपाँगच्या अर्ध्या चेंडूएवढा पांढरा घुमट असतो. उजेड त्यावर पडतो आणि आकडा येतो. मीटर ईशिताने चालवलं. ईशिता कॉव्हेंट्रीतच जन्मली, अठ्ठावीस वर्षांची, हुशार, हाताने नीटस. माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलत होती.

"काकू, माझा मराठी खराब आहे, सॉरी हां. मी दिवा ऑन करू?"

एलईडीचा आकडा आला सत्त्याण्णव टक्के. पुन्हा घेतला, तरी सत्त्याण्णव. बल्बवाला नव्व्याण्णव.

मला खोलीत बसवेना. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायला लागले, आणि मार्गारेट माझ्यामागून.

"म्हणजे दिवा बिघडलेला नव्हताच," मी म्हटलं. "बिघडलेला दिवा आपणहून सुधारत नाही. मशीनचा आकडा फिरवता येत नाही. मग शुक्रवारी बिघडलेलं होतं ते मीटर."

"मीटर मी चौदा तारखेला तपासून घेतलं. तक्रार आल्या आल्या. अगदी बरोबर होतं."

"आठला बरोबर, दहाला चूक, चौदाला परत बरोबर?"

"तसं होत नाही, सुलक्षणा," मार्गारेट म्हणाली. "तसं फक्त कोणी केलं तर होतं."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि ते परीक्षितच्या विरुद्ध जात होतं.

मी कागद पुन्हा हातात घेतला. इतका वेळ सगळे चौऱ्याऐंशीकडे बघत होते. ब्याण्णवकडे कोणी पाहिलंच नव्हतं. बल्बवालाही आठ टक्के उतरला होता! ज्याला बल्बवाल्यांचं भलं करायचंय, तो त्यांचाही आकडा कशाला पाडेल? मीटरपुढे काहीतरी आलं होतं, आणि त्याने दोघांचा उजेड अडवला होता. एलईडीचा दुप्पट अडवला होता.

एलईडीचा उजेड निळसर पांढरा असतो. बल्बचा पिवळट तांबूस. पिवळी-तांबडी काच मधे धरली, तर बल्बचा उजेड बराचसा पार जातो, निळसर उजेड अडतो.

म्हणजे शुक्रवारी मीटरच्या पांढऱ्या घुमटाला पिवळट-तांबडा रंग होता. मी माझं भिंग पर्समधून काढलं आणि परत आत गेले.

५

घुमट जुना होता, मुळातच जरा पिवळसर पडलेला. त्यावर अजून थोडा रंग चढला तर कोणाला दिसणार? पण आता तो स्वच्छ पुसलेला होता, नको तितका स्वच्छ. लेन्स पुसायच्या स्पिरिटच्या पुड्यांचं खोकं शेजारीच होतं. महिन्याभराचं खोकं आठवड्याभरातच निम्मं रिकामं झालं होतं.

घुमट जिथे काळ्या कडीत बसतो, त्या फटीत भिंगाखाली मला केसाएवढी पिवळी रेघ दिसली, तिच्या एका टोकाला तांबडा कण.

मी टिश्यू पाण्यात बुडवला, बाथरूममधल्या साबणावर घासला, आणि त्याचं टोक फटीतून फिरवलं.

टिश्यूवर लाल डाग उमटला.

आमटी सांडलेली साडी जिने कधी साबणाने चोळली आहे, तिला हा लाल रंग सांगावा लागत नाही. मार्गारेटला मात्र सांगावा लागला.

"टर्मरिक?" ती म्हणाली. "माझ्या लॅबमध्ये टर्मरिक?"

हळद, आणि बरोबर तांबडा रंग, म्हणजे कुंकू. मी डोक्याला हात लावला. दसरा! आमच्या मंडळाचा दसरा अकरा तारखेला झाला. या देशात सण शनिवारी येतात, हॉल मोकळा असेल तेव्हा. रामाने रावणाला मारलं तेही जणू वीकएंड बघून. सोनं वाटलं, श्रीखंड खाल्लं, आणि खरा दसरा कधी होता हे मी विसरूनही गेले. आता परीक्षितच्या टेबलावरचं मराठी कॅलेंडर मी उलटून पाहिलं. गुरुवार, नऊ तारीख. आठच्या आणि दहाच्या मधला दिवस.

दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो, अवजारं पुजतो. ड्रायव्हर गाडी पुजतो, शिंपी मशीन पुजतो. इंजिनिअरचं अवजार म्हणजे हे मीटर.

मार्गारेटने मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला लॅबमध्ये एकटं कोण होतं?"

परीक्षित. नागपूरहून दोन वर्षांपूर्वी आलेला, टेबलावर मराठी कॅलेंडर ठेवणारा परीक्षित. त्याला सोडवायला निघालेल्या मी माझ्याच हाताने त्याच्या गळ्यात दोर अडकवला होता.

६

त्या रात्री मला झोप आली नाही, यात सांगण्यासारखं काही नाही. सकाळी देवापुढचं हळदीकुंकवाचं पंचपाळं पिशवीत घातलं, सतीशरावांचा नवा डिजिटल कॅमेरा घेतला आणि नऊला लॅबमध्ये हजर झाले.

पहिल्यांदा परीक्षितला आत बोलावलं.

"माझ्या कॅमेऱ्याची दसऱ्याची पूजा राहिली बघ. मला असलं शास्त्र कळत नाही. जरा बोट लाव."

त्याने चमत्कारिक नजरेने पाहिलं. पण मोठ्या बाईला नाही म्हणण्याचं वळण त्याच्या घरचं नव्हतं. त्याने हळदीत बोट बुडवलं, कॅमेरा फिरवला, आणि मागच्या कोपऱ्यात, पट्टा अडकवतात तिथे, तिळाएवढा ठिपका लावला. मग कुंकवाचा.

"इथे का? पुढे का नाही?"

"पुढे भिंग आहे ना, काकू! बाबा वर्कशॉपमध्ये ओरडायचे. हळदकुंकू बॉडीवर लावायचं. काचेला, धारेला, मशीनच्या फिरत्या पट्ट्याला नाही. एकदा मी मायक्रोमीटरच्या जबड्यात लावलं होतं तर कान पिरगाळला होता." पहिल्यांदाच तो किंचित हसला. "का बरं?"

"काही नाही. बाहेर बस."

मग ईशिताला बोलावलं. मार्गारेट कोपऱ्यात उभी होती. मी तेच म्हटलं, तसंच पंचपाळं पुढे केलं.

ईशिताने हळद घेतली. तिचं बोट न अडखळता सरळ भिंगाच्या मध्यावर गेलं. आणि तिथे, अर्ध्या इंचावर, थांबलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. बोट तसंच हवेत राहिलं, आणि हळदीचे कण माझ्या काळ्या पर्सवर पडले.

"कपाळ कुठे, असं तुला वाटलं ना?" मी विचारलं. "मीटरचा तो गोल पांढरा भाग. तोच चेहरा, तिथेच कपाळ."

"आजी सांगितली," ती म्हणाली. मग आवाज फुटला. "फोनवर. आजी सांगितली, कपाळाला लाव, सगळ्यात महत्त्वाचा पार्टला लाव. मी विचारली नाही कुठे. मला वाटला, जिथून तो बघतो, तिथे."

हळद लावणारा कोण होता, हे ठरवायला मला याहून जास्त काही नको होतं. जो अवजारांच्या पूजेत वाढला, त्याचा हात भिंगाकडे जातच नाही. पूजा करायची इच्छा आहे पण पूजा पाहिलेली नाही, अशाच माणसाच्या हातून ही चूक होते. आणि गुरुवारी सबंध दिवस परीक्षित रेंजवर असताना मीटरपाशी ईशिता एकटी होती.

७

बाकीचं तिने स्वतःच सांगितलं. बुधवारी जेवताना परीक्षित म्हणाला होता, उद्या घरी बाबा वर्कशॉपमधली सगळी अवजारं पुजतील, यंदाही मी नाही. एकटाच डबा खात होता. तिला वाईट वाटलं. गुरुवारी तिने त्याच्या मीटरला हळदकुंकू लावलं, पाण्यात कालवून, आजीने सांगितलं तसं. त्याला दाखवायचं होतं. पण तो संध्याकाळपर्यंत आलाच नाही, आणि लॅबमध्ये पावडर आणली म्हणून मार्गारेट चिडेल या भीतीने तिने घरी जाताना ते कोरड्या टिश्यूने पुसून टाकलं. रंग मागे राहिला. पुढच्या सोमवारी, तेराला, तो तिच्या नजरेस पडला, तेव्हा तिने पुडीमागून पुडी स्पिरिट वापरून घुमट घासला.

"आणि मंगळवारी हॉवर्ड आला, तेव्हा तुला कळलं?" मार्गारेटने विचारलं.

"लगेच नाही. रात्री कळलं."

"मग बुधवारी का नाही सांगितलंस?"

ईशिता बोटावरची हळद पुसत राहिली. तिचं प्रोबेशन नोव्हेंबरमध्ये संपणार होतं. मला तिची भीती कळत होती, आणि तरी तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. तिची नोकरी गेली असती तर ती बसने आईकडे गेली असती. त्याची गेली असती तर त्याला विमान पकडावं लागलं असतं.

मी दार उघडलं. परीक्षित बाहेरच होता. भिंत पातळ होती. त्याने ऐकलं होतं.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना मार्गारेटने त्याची माफी मागितली. हात पुढे करून, पूर्ण वाक्यात, कसलाही आडपडदा न ठेवता. मेहुण्याची गोष्ट लपवल्याबद्दल त्याला लेखी समज मिळेल, नोकरी राहील. ईशितालाही समज, आणि प्रोबेशन तीन महिने पुढे. सगळी रीडिंग आज पुन्हा, बुधवारच्या कमिटीआधी. मग ती हॉवर्डला फोन करायला गेली. त्या फोनवर ती काय बोलली, ते मला जिन्यापर्यंत ऐकू आलं, आणि बरं वाटलं.

परीक्षितने शिल्पाला फोन लावला. "बॅगा वर ठेव," एवढंच म्हणाला. मग त्याने फोन खिशात टाकला.

ईशिता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"परीक्षित, आय ॲम सो सॉरी. मी तुझ्यासाठी केला होता. तुला घरची आठवण येत होता म्हणून."

"हळदीबद्दल मी काही म्हणतच नाही," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "माझ्यासाठी एवढं कोणीच केलं नाही इथे. खरंच सांगतो. पण सहा दिवस मी घरी बसून होतो, आणि तू मला रोज टेक्स्ट करत होतीस. 'होप यू आर ओके.' रोज सकाळी. मी शिल्पाला दाखवायचो, बघ, एक तरी माणूस आपल्या बाजूने आहे."

तिला रडू फुटलं. त्याने तिला थांबवलं नाही, समजावलंही नाही. दिव्यांचे दोन डबे उचलले आणि काळ्या खोलीत गेला. त्या मोजणीला दोन माणसं लागतात, एकाने दिवा धरायचा, दुसऱ्याने आकडा वाचायचा. दारातून त्याने वळून पाहिलं.

"येतेस ना? कमिटी उद्या आहे."

ती डोळे पुसत आत गेली. मला मागे राहायचं काही कारण नव्हतं, पण माझा पाय निघेना. मी दाराशी उभी राहिले. आत दिवा लागला, कडक पांढरा, दाराच्या फटीतून माझ्या बुटांपर्यंत आला.

"नाइन्टी सेव्हन," ईशिताचा आवाज आला. मग थोड्या वेळाने, हळूच, "परीक्षित, आपण अजून फ्रेंड्स आहोत का?"

आत पेनाचा आवाज झाला. त्याने आकडा लिहून घेतला होता.

"पुढचं रीडिंग सांग," तो म्हणाला.